रिपोर्ट नॉर्मल आहेत, पोटरी दुखते आहे

पोटरी हा तसा दुर्लक्षित अवयव. डोकं दुखलं की बाम आहे, पोट दुखलं की ओवा आहे, घसा धरला की हळद-मिठाच्या गुळण्या आहेत. गुडघा आणि कंबर यांच्यासाठी तर पुण्यात दर दोन चौकांआड एक पाटी लटकलेली असते. पोटरीसाठी काहीच नाही. ती दुखते म्हटलं की समोरचा फक्त म्हणतो, "चालला असशील जास्त."

आता मला जास्त चालताच येत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे. गेली तीन वर्षं माझी डावी पोटरी दुखते. वेताळ टेकडी चढायला लागलो की दहा-बारा मिनिटांनी ती भरून यायला लागते, मग आवळत जाते, आणि पंधराव्या मिनिटाला आत कोणीतरी वीट ठेवून दिल्यासारखी होते. थांबलो की पाच-सात मिनिटांत सगळं गायब. पुन्हा निघालो की पुन्हा तेच, या वेळी जरा लवकर. ही झाली दिवसपाळी. रात्रपाळी वेगळी. तीनच्या सुमारास जाग येते ती पोटरी ठणकत असते म्हणून. कधी गोळा आलेला असतो, कधी नुसताच ठणका. उजवी पोटरी मात्र वर्गातल्या शहाण्या मुलासारखी हाताची घडी घालून गप्प.

आतापर्यंत काय काय करून झालं? रक्ताच्या तपासण्या (दोनदा), पायाच्या रक्तवाहिन्यांचं डॉपलर, कमरेचा एमआरआय, नसांची तपासणी. डॉक्टरांनी फाईल चाळली आणि हसून सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे, काळजीचं कारण नाही." दुसऱ्यांनीही तेच सांगितलं, वर "टेन्शन कमी घ्या" असं जोडलं. तिसऱ्यांनी विचारलं, "आयटीत का?" आणि माझ्या उत्तराआधीच मान डोलावली.

शिवाय फुकट सल्ले आहेतच. केळी खा. झोपताना तिळाचं तेल चोळ. चहा सोड. चप्पल बदल. वात आहे. वजन आहे. वय आहे. एकाने तर "खुर्ची बदल" म्हणून सांगितलं, तो फर्निचरच्या धंद्यात आहे :)

असो. दुखण्याची कहाणी एवढी पुरे. मला आज भांडायचंय ते एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'नॉर्मल'.

आपल्या धंद्यात हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. क्लायंट म्हणतो, सोमवारी सकाळी दहा वाजता सिस्टीम बसते. आपण शनिवारी रात्री, एकही युजर नसताना लॉगिन करतो, चार पानं उघडून बघतो, आणि तिकिटावर लिहितो, 'नॉट रिप्रोड्युसिबल'. तिकीट बंद. असं केलं तर मॅनेजर आपल्याला उभं करून विचारेल, अरे, तो लोडखाली बसते म्हणतोय, तू लोड दिलास का? आणि तो बरोबर असेल.

माझ्या पोटरीच्या सगळ्या तपासण्या मी आडवा पडलेला असताना झाल्या. एसी खोलीत, अर्धा तास बाकावर बसवून झाल्यावर, जेव्हा दुखत नव्हतं तेव्हा. त्या नॉर्मल आल्या यात आश्चर्य काय? बसल्यावर दुखत नाही हे तर मीच आधी सांगितलं होतं!

आता गंमत बघा. हृदयाच्या बाबतीत हे सगळ्यांना पटलेलं आहे. अमेरिकेतल्या रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरांनी ट्रेडमिलवरच्या चाचणीची पद्धत १९६३ साली पक्की केली, आणि आज हापिसच्या हेल्थ चेकअपमध्येसुद्धा टीएमटी असते. माणसाला पळवायचं आणि पळताना ईसीजी काढायचा. का? तर आडवं पडल्यावर चांगला दिसणारा ईसीजी जिना चढताना बिघडू शकतो म्हणून. मग हेच तर्कशास्त्र कमरेच्या खाली आल्यावर कुठे जातं?

आणि ही काही नवी गोष्ट नाही. चालताना पोटरी दुखणे, थांबलं की बरं वाटणे, याला डॉक्टरी भाषेत 'क्लॉडिकेशन' म्हणतात. लंगडणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आलं. याचं जुनं वर्णन आहे ते चक्क एका घोड्याचं. बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने १८३१ मध्ये ते केलं. घोडा उभा असताना ठणठणीत, चालवला की लंगडायचा. मांडीची रक्तवाहिनी बंद झालेली होती. माणसांमध्येही हेच होतं हे शार्को यांनी १८५८ मध्ये दाखवलं. मला यातला घोडा फार आवडतो. एक तर घोड्याला "टेन्शन कमी घ्या" असं सांगता येत नाही. दुसरं म्हणजे त्याला काय होतंय हे बघायला त्याला चालवावंच लागतं.

चालवून बघण्याची सोय माणसांसाठीही आहे, आणि ती काही रॉकेट सायन्स नाही. घोट्याजवळचा रक्तदाब मोजायचा, दंडातला मोजायचा, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर ०.९ किंवा त्याखाली आलं तर पायाकडे रक्त कमी पोचतंय असा संशय घ्यायचा. आराम करताना आकडा बरा आला तर माणसाला ट्रेडमिलवर दुखेपर्यंत चालवायचं आणि लगेच पुन्हा मोजायचं. भागाकार आपल्याला चौथीत शिकवतात.

"पण हे म्हाताऱ्यांचे आजार," असं तुम्ही म्हणाल. बहुतांशी खरं आहे. मधुमेह, सिगरेट, साठी ओलांडलेली, असा तो नेहमीचा पेशंट. पण तरुणांनाही त्यांचे खास आजार असतात. लिओ ब्यूर्गर यांनी न्यूयॉर्कमधून १९०८ मध्ये ज्याचं सविस्तर वर्णन केलं तो आजार तंबाखूवाल्या तरुणांनाच गाठतो. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद होत जातात, आणि तंबाखू पूर्ण सोडणे हाच त्यावरचा मुख्य उपाय. हापिसच्या गेटबाहेर टपरीवर दिवसातून सहा वेळा जाणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. दुसरा प्रकार याहून मजेशीर. गुडघ्यामागून जाणारी मोठी रक्तवाहिनी काही जणांमध्ये जन्मापासूनच वाकड्या वाटेने जाते, आणि पोटरीचा स्नायू आवळला की तिच्यात चिमटली जाते. अँडरसन स्टुअर्ट या एडिंबरामधल्या विद्यार्थ्याने १८७९ मध्ये हे प्रथम नोंदवलं. हे बहुतेक वेळा धडधाकट, व्यायाम करणाऱ्या तरुणांत सापडतं. झोपून केलेल्या तपासणीत त्यांची नाडी एकदम छान लागते.

तिसरा प्रकार दाबाचा. आपल्या पायाचे स्नायू कप्प्याकप्प्यांत असतात आणि प्रत्येक कप्प्याला न ताणणारं वेष्टन असतं. व्यायामाने स्नायू फुगतो, वेष्टन फुगत नाही, आतला दाब वाढतो. हा दाब सुईने मोजतात. १९९० पासून डॉक्टर जे निकष वापरत आलेत ते असे: व्यायामाआधी १५, संपल्यावर एका मिनिटाने ३०, पाच मिनिटांनी २०, सगळे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. यातला एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तर संशय. तीनातल्या दोन आकड्यांसाठी आधी पळावं लागतं, हे लक्षात आलं ना?

आणि चौथी गोष्ट १९५१ सालची. लंडनमधल्या ब्रायन मॅकआर्डल या डॉक्टरांकडे तीस वर्षांचा एक माणूस होता. थोडा जरी व्यायाम केला तरी स्नायू दुखायचे, आखडायचे. मॅकआर्डल यांनी त्याला प्रत्यक्ष व्यायाम करायला लावला आणि रक्त तपासलं. श्रमानंतर रक्तातलं लॅक्टेट वाढायला हवं, ते याच्यात वाढलंच नाही. स्नायूत साठवलेली साखर मोडून वापरताच येत नव्हती. हा आजार दुर्मिळ आहे, मला तो आहे असं मुळीच म्हणत नाही. (गूगलवरून स्वतःचे आजार ठरवणाऱ्यांतला मी नाही. फार तर रात्री तीन वाजता.) मुद्दा एवढाच की उत्तर मिळालं ते लोड दिल्यावर.

इथपर्यंत झाला सगळं नॉर्मल येण्याचा भाग. पण याची दुसरी बाजूही तितकीच त्रासाची आहे, आणि ती अगदी अस्सल पुणेरी आहे. ती म्हणजे काहीतरी कमी सापडणं.

माझं बी-१२ कमी निघालं. झालं! "सापडलं कारण." आईला फोन, सगळीकडे आनंदीआनंद. इंजेक्शनं घेतली, तीन महिन्यांनी आकडा उत्तम. पोटरी होती तिथेच.

नंतर मी जरा वाचलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुणे परिसरातले खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के! म्हणजे आपल्यासारख्या दहा जणांना रांगेत उभं केलं तर आठ जणांचं कमी. त्या आठांतल्या किती जणांची डावी पोटरी टेकडीवर पंधराव्या मिनिटाला वीट होते?

जी गोष्ट जवळजवळ सगळ्यांमध्ये सापडते ती एकाच्याच दुखण्याचं कारण म्हणून दाखवता येत नाही. निदान एवढ्या सहज तरी नाही. सर्व्हरवर दहा वर्षं पडून असलेली एक वॉर्निंग लॉगमध्ये दिसली म्हणून कालचा क्रॅश तिनेच केला असं आपण म्हणत नाही. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, त्याच्या कमतरतेने नसांना खरोखर इजा होते, मुंग्या येतात, पाय बधिर होतात. यात वाद नाही. पण भरून काढल्यावर दुखणं गेलं नाही तर तिकीट पुन्हा उघडायला नको का? इथे मात्र "वेळ लागतो" म्हणून आणखी सहा महिन्यांच्या गोळ्या हातात पडतात.

कमरेच्या एमआरआयचंही तसंच. माझ्या रिपोर्टमध्ये एक चकती किंचित बाहेर आल्याची ओळ होती. नसेवर दाब नाही, म्हणून तो नॉर्मलच धरला गेला, पण एका ओळखीच्यांनी "बघ, कंबरच आहे" म्हणून निकाल दिलाच. २०१५ मध्ये कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅन्सचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांत चकती फुगलेली होती, ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत. आणि यांना काहीही होत नव्हतं! तेव्हा स्कॅनमध्ये दिसलं म्हणजे तेच दुखतंय, हे काही खरं नाही.

आता रात्रपाळीकडे वळू. माझं एक मत आता पक्कं झालंय: दिवसाचं दुखणं आणि रात्रीचं दुखणं ही दोन वेगळी तिकिटं असू शकतात. पाय एकच आहे म्हणून बग एकच असला पाहिजे असं नाही. आणि रात्रीच्या दुखण्यात सगळ्यात उपयोगाचा प्रश्न म्हणजे, "बरं कशाने वाटतं?" पाय ताणून, पंजा आपल्याकडे ओढून गोळा सुटला तर तो साधा पेटका. उठून येरझाऱ्या घातल्या की बरं वाटतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असं असेल तर प्रकरण वेगळं. स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याला अस्वस्थ पायांचा विकार असं नाव दिलं. त्यात फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा बघतात, कारण हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही साठा रिकामा असू शकतो. (पुन्हा तोच शब्द!) पाय पलंगावरून खाली सोडला तर बरं वाटत असेल तर रक्तपुरवठ्याचा विचार आधी करायचा. आणि आजोबांना चालताना दुखतं पण सुपरमार्केटच्या ट्रॉलीवर वाकून तासभर फिरता येतं, सायकलही चालवता येते, तर पोटरी सोडून पाठीचा कणा बघायचा. या प्रश्नांना एक पैसा लागत नाही. तीन वर्षांत मला ते एकाच डॉक्टरीण बाईंनी विचारले.

माझ्या रात्रीच्या गोळ्याला नाव मिळालं, साधा पेटका. उपायही साधा निघाला. नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये ५५ च्या पुढच्या ऐंशी लोकांवर एक प्रयोग झाला होता. सहा आठवडे झोपण्याआधी पोटऱ्या आणि मांडीचा मागचा भाग ताणायचा, बस. पेटके कमी झाले. मी अजून ५५ चा नाही, पण माझेही कमी झाले. गेले नाहीत, आठवड्यातून चारऐवजी एखादा. उलट ज्या मॅग्नेशियमच्या डब्या आपण कौतुकाने मागवतो, त्यांच्याबद्दल २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने वयस्क लोकांच्या पेटक्यांवर म्हणण्यासारखा उपयोग होण्याची शक्यता कमी, असं सांगितलं. आणि जुन्या काळापासून दिलं जाणारं क्विनीन पेटक्यांसाठी घेऊ नका, रक्ताचे गंभीर दुष्परिणाम होतात, असं अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये पुन्हा बजावलं.

यावर डॉक्टर मंडळींची बाजूही आहे, आणि ती मला मान्य आहे. बाहेर चाळीस पेशंट बसलेले, प्रत्येकाला आठ मिनिटं, त्यात समोरचा आयटीवाला छापील कागदांची चळत घेऊन आलेला. शिवाय तपासण्यांना अंत नसतो. आणखी एक स्कॅन, आणखी एक पॅनेल करत गेलं तर काहीतरी निरुपयोगी सापडणारच, ते वरच्या दोन उदाहरणांत आलंच. म्हणून माझी मागणी जास्त तपासण्यांची नाही. जे दुखतं ते दुखत असताना बघा, एवढीच आहे. आणि काहीच सापडलं नाही तर 'नॉर्मल' म्हणू नका, 'मला कळलं नाही' म्हणा. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात चूक माझी ठरते, दुसऱ्यात आपण दोघं एका बाजूला असतो आणि दुखणं पलीकडे. टेन्शन हे कारण असूही शकेल, माझी ना नाही. पण तेही निदान आहे, त्यालाही पुरावा लागतो. बाकी सगळं संपलं म्हणून उरलेल्या जागी भरायचा तो शब्द नव्हे.

आणि मी तरी नशीबवान. माझ्याकडे इन्शुरन्स आहे, वेळ काढून तिसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं, तिथे इंग्रजी झाडता येतं. आमच्या सोसायटीत चार मजले जिने पुसणाऱ्या मावशींची पोटरीसुद्धा दुखते. त्यांना मिळाली कॅल्शियमची गोळी आणि "वय झालं". त्यांचं वय त्रेचाळीस आहे.

त्या डॉक्टरीण बाईंनी अखेर मला ट्रेडमिलवर चालवलं. दुखलं, थांबलो, लगेच मोजलं. आकडा घसरला नाही. म्हणजे हाही रिपोर्ट नॉर्मल! पण हा नॉर्मल मला चालतो, कारण यादीतलं एक नाव त्याने खरोखर खोडलं. सुईवाली दाबाची तपासणी बाकी आहे. करायची की नाही हे मी ठरवतोय. दाब वाढलेला निघाला तर शेवटचा उपाय शस्त्रक्रिया असतो, आणि पंधरा मिनिटांच्या चालीसाठी ती करून घ्यायची का, हा प्रश्न डॉक्टरांचा नाही, माझा आहे.

तोवर जगणं चालू आहे. बारा मिनिटं चालतो, वीट व्हायच्या आत थांबतो, मग पुन्हा. वहीत तारीख, वेळ, कुठे दुखलं, कशाने गेलं एवढं लिहितो. सिंहगडला मित्र आता विचारत नाहीत, ते लागतं. बायको परवा म्हणाली, "तुझं दुखणं मला दिसत नाही रे, म्हणून मी विसरते." याहून प्रामाणिक वाक्य मला तीन वर्षांत कोणी बोललेलं नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण वाचणाऱ्यांत लांबच्या विमानप्रवासाला जाणारे बरेच असतात. एकच पोटरी अचानक सुजली, गरम-लाल झाली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर हा लेख विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. त्यात दम लागत असेल तर थेट इमर्जन्सी. पाय एकदम गार, पांढराफटक, बधिर झाला किंवा व्यायामानंतर लघवी कोलासारखी काळपट झाली, तरीही थांबू नका. वही लिहायची ती माझ्यासारख्या रेंगाळणाऱ्या दुखण्यांसाठी.

बाकी, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला "सगळं नॉर्मल आहे" म्हणालं तर भांडू नका, फक्त एक विचारा: "कधी तपासलं तेव्हा? दुखत असताना, की नसताना?"